तेलाच्या डब्याएवढा कॉम्प्युटर : रात्री अल्बम, सुट्टीत गेम, पण घेताना काय बघायचं?

सांगली : तुळशीचं लग्न झालं की लगीनसराई सुरू होते आणि तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओत रात्रीचे दिवे जळू लागतात. साखरपुडा, हळद, लग्न, पूजा असे एका घरचे तीन-तीन हजार फोटो. त्यातून निवडायचे, रंग सुधारायचे, अल्बमची पानं लावायची आणि कबूल केलेल्या तारखेला द्यायची. कॉम्प्युटर जुना असला की एकेक पान सेव्ह व्हायला चहा होऊन जातो. त्याच घरात कॉलेजला जाणारं पोरगं असलं तर त्याला गेमसाठी मशीन पाहिजे असतं. दोन मशीन घेण्याइतके पैसे बहुतेक घरांत नसतात. त्यामुळे दोन्ही कामं होतील असा एकच कॉम्प्युटर, तोही छोटा, उचलून नेता येईल असा करून घ्यायचा विचार विटा, तासगाव, पलूस, जतपासून पलीकडे कराडपर्यंत बरेच जण करतात.

हा विचार चांगला आहे, पण पैसे एकदाच घालायचे असतात. पार्ट चुकीचा निवडला तर सीझन हातचा जातो. म्हणून दुकानात जाण्याआधी काही गोष्टी समजून घ्याव्यात.

छोटा म्हणजे नेमका केवढा?

आपल्याकडे सगळ्या डब्यालाच 'सीपीयू' म्हणतात. खरं तर सीपीयू म्हणजे आतला प्रोसेसर, आणि डब्याला दुकानात 'कॅबिनेट' म्हणतात. नेहमीचं उभं कॅबिनेट ४० लिटर किंवा त्याहून मोठं, म्हणजे डेअरीत दूध घालायच्या मोठ्या कॅनएवढं. छोटं कॅबिनेट १० ते २० लिटरचं, म्हणजे १५ किलोच्या तेलाच्या डब्याच्या आसपास.

डबा केवढा होणार ते आतला मदरबोर्ड ठरवतो. नेहमीचा एटीएक्स बोर्ड ३०.५ बाय २४.४ सेंटीमीटरचा असतो, मायक्रो-एटीएक्स २४.४ सेंटीमीटर चौरस आणि मिनी-आयटीएक्स फक्त १७ सेंटीमीटर चौरस. हा सगळ्यात लहान बोर्ड व्हीआयए या तैवानच्या कंपनीने २००१ मध्ये आणला. त्यावर रॅमच्या दोनच जागा आणि कार्ड लावायला एकच जागा असते. शिवाय मायक्रो-एटीएक्सपेक्षा तो बराच महाग पडतो आणि तालुक्याच्या दुकानात सहसा तयार मिळत नाही, मागवावा लागतो.

म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारावा : डबा खरंच फिरणार आहे का? मंगल कार्यालयात एलईडी भिंतीवर त्याच दिवशी फोटो दाखवायचे असतील, गाव ते तालुका ने-आण असेल किंवा खोली अगदी लहान असेल, तर मिनी-आयटीएक्सला जादा पैसे घालण्यात अर्थ आहे. मशीन टेबलावरच राहणार असेल तर मायक्रो-एटीएक्स बोर्ड आणि मध्यम डबा घ्यावा. वाचलेले पैसे रॅम आणि यूपीएसला लावावेत.

नदीकाठच्या गावांना छोट्या डब्याचा आणखी एक उपयोग आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. पाणी चढताना एका हाताने उचलून माडीवर नेता येणारं मशीन आणि जड टॉवर यातला फरक तेव्हा कळतो.

फोटोचं काम आणि गेम, दोघांची भूक वेगळी

फोटोच्या कामाला मुख्यतः रॅम, वेगवान एसएसडी आणि चांगला प्रोसेसर लागतो. हिशेबच करून बघू. लग्नाच्या अल्बमचं १२ बाय ३६ इंचाचं पान ३०० डीपीआयला केलं तर ते ३,६०० बाय १०,८०० पिक्सेलचं होतं, म्हणजे जवळपास ३ कोटी ८९ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट धरले तर एकच पूर्ण थर सुमारे ११७ एमबीचा होतो. पार्श्वभूमी, नवरा-नवरी, फुलं, नावं, सावल्या असे दहा थर झाले की एक पान १ जीबीच्या पुढे जातं. अशी तीन-चार पानं उघडी, मागे फोटो निवडायचं सॉफ्टवेअर चालू आणि वर ब्राउझर. म्हणून ८ जीबी रॅमचं मशीन गुदमरतं. १६ जीबी ही सुरुवात समजावी, धंद्यासाठी ३२ जीबी बरं.

गेमचं गणित वेगळं आहे. साध्या फुल एचडी पडद्यावर २० लाख ७३ हजार ठिपके असतात. गेम सुरळीत चालायचा तर सेकंदाला निदान ६० वेळा सगळं चित्र नव्याने काढावं लागतं, म्हणजे सेकंदाला १२ कोटींहून जास्त ठिपके. हे काम ग्राफिक कार्ड करतं. त्यामुळे गेमचा सगळा भार कार्डावर, आणि कार्ड हाच मशीनमधला सगळ्यात महाग पार्ट. फोटोतली रेती, म्हणजे नॉईज काढणारी नवी एआय साधनंही याच कार्डावर चालतात. म्हणजे पोराच्या गेमसाठी घेतलेलं कार्ड बापाच्या कामालाही येतं.

कोणता पार्ट कसा निवडायचा?

प्रोसेसर : सहा कोअरचा पुरतो. इंटेलचा आय-५ १२४००एफ किंवा एएमडीचा रायझन ५ ७६०० ही त्या मापाची उदाहरणं. दोन्ही मूळ ६५ वॅटचे, त्यामुळे छोट्या डब्यात थंड ठेवता येतात. इंटेलच्या नंबरामागे 'एफ' असेल तर त्यात चित्र दाखवायची सोय नसते, वेगळं कार्ड लागतंच. पैसे आत्ता कमी असतील तर रायझन ५ ८६००जीसारखा प्रोसेसर घ्यावा. त्यात बऱ्यापैकी ग्राफिक आतच असतं. हलके गेम आणि फोटोचं काम सुरू करून कार्ड पुढच्या सीझनला टाकता येतं.

ग्राफिक कार्ड : छोट्या डब्यात लांबी आणि वॅट दोन्ही बघावे लागतात. आरटीएक्स ४०६० हे कार्ड ११५ वॅट खातं, त्याचा पुढचा भाऊ ५०६० हा १४५ वॅट. दोन्हींना ८ जीबी मेमरी. जुनं आरटीएक्स ३०६० हे १२ जीबीचं, पण १७० वॅट खातं. दोन पंख्यांची कार्डं साधारण २० ते २५ सेंटीमीटर लांब असतात. कॅबिनेटच्या खोक्यावर जास्तीत जास्त किती लांबीचं कार्ड बसेल ते लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय कार्ड घेऊ नये.

रॅम : एकच मोठी पट्टी घेण्यापेक्षा सारख्या दोन घ्याव्यात, वेग वाढतो. पण मिनी-आयटीएक्सवर दोनच जागा असल्याने ८-८ च्या दोन घेतल्या तर पुढे वाढवताना दोन्ही काढाव्या लागतात. जगभर एआयच्या डेटा सेंटरना मेमरी लागत असल्यामुळे २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव खूप चढले. त्यामुळे मागच्या वर्षीचं कोटेशन आता धरू नये.

साठवण : २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची एक रॉ फाईल २५ ते ३० एमबीची. तीन हजार फोटो म्हणजे एका लग्नाला ७५ ते ९० जीबी. वीस लग्नं झाली की जवळपास २ टीबी, व्हिडिओ वेगळाच. म्हणून चालू कामाला १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि जुन्या कामाला वेगळी मोठी हार्ड डिस्क असं वाटून घ्यावं.

एसएमपीएस : पैसे वाचवायला माणसं इथंच हात घालतात आणि इथंच फसतात. वरच्या मापाच्या मशीनला चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा पुरतो. अगदी छोट्या डब्यात नेहमीचा एसएमपीएस बसत नाही, 'एसएफएक्स' नावाचा लहान लागतो. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर महागडं कार्ड लावू नये. तो जळताना बाकीचे पार्टही घेऊन जातो.

मॉनिटर आणि यूपीएस बाजूला ठेवून शंभर रुपयांची वाटणी करायची झाली तर साधारण अशी धरावी : कार्ड ३०, प्रोसेसर १५, रॅम १५, मदरबोर्ड १२, एसएसडी १०, कॅबिनेट आणि पंखे १०, एसएमपीएस ८. गेम खेळणारं कुणी नसेल तर कार्डाचा हिस्सा निम्मा करून रॅम आणि मॉनिटरकडे वळवावा.

मॉनिटर चुकला की हळद पिवळी नाही, केशरी दिसते

अल्बम लॅबमधून आला आणि नवरीचा हिरवा शालू निळसर दिसला, तर गिऱ्हाईक कॉम्प्युटरला नाही, फोटोग्राफरला बोलतं. मॉनिटर मुळात निळसर दाखवत असेल तर काम करणारा नकळत पिवळेपणा वाढवत जातो आणि छापून आल्यावर सगळ्यांचे चेहरे हळद लावल्यासारखे दिसतात. म्हणून आयपीएस पॅनेल आणि शंभर टक्के एसआरजीबी असं लिहिलेला मॉनिटर घ्यावा. बऱ्याच लॅब फाईल एसआरजीबीमध्येच मागतात, तरी आपल्या लॅबला एकदा विचारून घ्यावं. नाईट लाइट किंवा डोळ्यांना आराम देणारी पिवळी सेटिंग कामाच्या वेळी बंद ठेवावी. गेमसाठी १४४ हर्ट्झचा मॉनिटर बरा. मात्र विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा स्वतः निवडावा लागतो. नाहीतर पैसे १४४ चे आणि काम ६० चं.

लाईट, अर्थिंग आणि वळीव

गावातल्या मशीनचं आयुष्य अर्धं तरी विजेवर ठरतं. डब्याला हात लावला की मुंग्या आल्यासारखा झटका बसतो ही तक्रार नेहमीची. त्याचं कारण बहुतेक वेळा अर्थिंग नसणं हे असतं. एसएमपीएसच्या आत वीज गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, ते अर्थिंगच्या तारेला जोडलेले असतात. तार जमिनीत गेलेलीच नसेल तर डब्याच्या पत्र्यावर अर्धा व्होल्टेज तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो, पण त्याच अवस्थेत एचडीएमआय वायर टीव्हीला किंवा एलईडी भिंतीला जोडली की पोर्ट जळू शकतो. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये घालून काम भागवू नये. आधी वायरमनकडून घराचं अर्थिंग तपासून घ्यावं, मगच मशीन आणावं.

असं मशीन गेम चालू असताना मॉनिटरसकट २५० ते ३०० वॅट घेतं. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. बॅटरी थोडी जुनी झाली की लाईट जाताच तो मशीनसकट बंद पडतो. म्हणून १,००० व्हीएच्या पुढचा घ्यावा. तोही तासभर खेळायला नसतो. फाईल सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यापुरती पाच-दहा मिनिटं तो देतो. मंगल कार्यालयात जनरेटरवर चालवायचं असेल तर मध्ये यूपीएस पाहिजेच.

बिलाचा हिशेबही सोपा. ३०० वॅटने रोज चार तास म्हणजे दिवसाला १.२ युनिट, महिन्याला ३६ युनिट. नुसतं फोटोचं काम असेल तर याहून कमी.

वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की प्लग काढावा, आणि सोबत इंटरनेटची तांब्याची वायर असेल तर तीही काढावी. त्या वायरीतूनही मदरबोर्ड जातो.

पत्र्याची खोली आणि उसाची काजळी

आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या भागात एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत बसवत नाही. तिथं छोटा डबा जास्त तापतो, कारण आत हवा फिरायला जागा कमी. नवे प्रोसेसर ९५ ते १०० अंशांपर्यंत गेले की स्वतःच वेग कमी करतात. मग मशीन बंद पडत नाही, पण दुपारी हळू आणि पहाटे वेगात चालतं. अशा वेळी बिघाड शोधत बसण्याऐवजी आधी गरमी बघावी.

कॅबिनेट जाळीचं घ्यावं, काचेचं दिसायला छान पण हवेला अडथळा. पुढून किंवा खालून थंड हवा आत आणि मागून किंवा वरून गरम हवा बाहेर, अशी पंख्यांची दिशा हवी. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवावं, टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबू नये. वाळवा, पलूस, कडेगावकडे उसाचा फड पेटवला की काळी काजळी घरात येते. ती पंख्यात आणि कूलरच्या पट्ट्यांत जाऊन बसते. महिन्यातून एकदा जाळीचा फिल्टर धुवावा, तीन महिन्यांनी मशीन बंद करून ब्लोअर मारावा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो वाजवीपेक्षा जोरात फिरून खराब होतो.

स्वतः जोडायचा असेल तर

ज्याने मोटारीचा स्टार्टर खोलला आहे त्याला हे काम अवघड नाही, पण घाई नको. गालिच्यावर बसू नये. काम सुरू करण्याआधी अर्थिंग असलेल्या उघड्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज जाते.

१. मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवावा. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवावा आणि अलगद ठेवावा, दाबू नये.

२. एसएसडी आणि रॅम लावावी. रॅम दोन्ही बाजूंनी 'टक' आवाज येईपर्यंत बसवावी.

३. कूलरला आधीच पेस्ट लावलेली नसेल तर प्रोसेसरवर वाटाण्याएवढी पेस्ट टाकावी. कूलरची वायर बोर्डावर जोडायला विसरू नये.

४. डब्यात घालण्याआधी बाहेरच एकदा चालू करून बघावं. छोट्या डब्यातून सगळं परत काढणं फार जिकिरीचं असतं.

५. प्रोसेसरची आठ पिनांची वायर आणि कार्डाची आठ पिनांची वायर वेगवेगळ्या असतात. बसत नाही म्हणून जोर लावू नये.

६. मॉनिटरची वायर कार्डाला लावावी, मदरबोर्डला नाही. 'कार्ड घेतलं तरी गेम अडकतो' या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच कारण निघतं.

७. बायोसमध्ये जाऊन रॅमचं एक्सएमपी किंवा एक्सपो चालू करावं. ते बंद असेल तर महागडी रॅमही कमी वेगाने चालते.

स्वस्तातला 'गेमिंग पीसी' तपासून घ्या

रंगीत दिवे लावलेला डबा आणि वर 'आय-५ गेमिंग' अशी चिठ्ठी, एवढ्यावर भुलू नये. आय-५ ४५७० हा २०१३ चा, चार कोअरचा आणि आय-५ १२४०० हा २०२२ चा, सहा कोअरचा. दोघेही आय-५ च. त्यामुळे पूर्ण नंबर विचारावा. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. जुन्या कार्डावर नवं नाव चढवून विकण्याचे प्रकारही झालेले आहेत. पेनड्राइव्हवर सीपीयू-झेड आणि जीपीयू-झेड ही दोन मोफत सॉफ्टवेअर घेऊन दुकानात जावं. बनावट कार्ड असेल तर जीपीयू-झेड बहुतेक वेळा नावाआधी 'फेक' असं दाखवतं.

खानापूर, आटपाडी भागातली माणसं गलाईच्या धंद्यानिमित्त देशभर आहेत. दिल्लीतलं नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळूरचा एसपी रोड या बाजारांतून पाहुण्यांकडून पार्ट मागवले जातात. भाव कमी मिळतो, पण पक्कं बिल, त्यावर सिरियल नंबर आणि जवळचं सर्व्हिस सेंटर या तीन गोष्टी विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ऑनलाइन मागवलं तर खोकं उघडताना व्हिडिओ काढावा.

चोरीचं सॉफ्टवेअर आणि पैशांचे गेम

क्रॅक केलेलं फोटो सॉफ्टवेअर फुकट वाटतं, पण त्यातून येणारा व्हायरस सगळ्या फाईलींना कुलूप लावून पैसे मागू शकतो. लग्नाचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत. पैसे भरायचे नसतील तर डार्कटेबल आणि गिंप ही सॉफ्टवेअर कायदेशीर आणि मोफत आहेत. फोटोशॉपमध्ये मराठी नावातली जोडाक्षरं तुटत असतील तर टाइपच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडावा.

गेमबद्दल घरच्यांची काळजीही समजून घ्यायला हवी. कॉम्प्युटरवरचे नेहमीचे गेम वेगळे आणि पैसे लावायचे रमीसारखे ॲप वेगळे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली आहे. ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली आहे. पोराला मशीन देताना हा फरक त्याच्याशी बसून बोलावा.

पैसे देण्याआधी एवढं विचारा

- कार्डाची लांबी आणि कूलरची उंची या डब्यात बसते का?
- एसएमपीएस कोणत्या कंपनीचा, किती वॅटचा, किती वर्षांची वॉरंटी?
- प्रोसेसर आणि कार्डाचा पूर्ण नंबर बिलावर आहे का?
- रॅम पुढे वाढवता येईल का?
- बिघडलं तर पार्ट सांगली-मिरजेत जमा होतो की पुण्या-मुंबईला पाठवावा लागतो?

तीन दुकानांतून एकाच दिवशी लेखी कोटेशन घ्यावं, कारण भाव आठवड्याला हलतात. आणि शेवटचे थोडे पैसे राखून एक बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी. फोटोंची एक प्रत मशीनमध्ये, दुसरी त्या डिस्कवर, आणि ती डिस्क दुसऱ्या घरी ठेवलेली. मशीन जळलं तर नवं घेता येतं. कुणाच्या तरी लेकीच्या लग्नाचे फोटो गेले तर ते पुन्हा कुठल्या दुकानात मिळत नाहीत.